हवाबंद

माझ्या भावाचं डोकं हळूहळू रिकामं होत होतं, आणि मी दर पंधरा दिवसांनी बसने जाऊन त्याच्याबरोबर अंतराळयानं करत बसत होते. नातेवाईक विचारतात, "तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" आधी मी भांडायचे. म्हणायचे, तुम्ही किती वेळा डोकावलात धुळ्याला? आता भांडत नाही. लक्षात सगळं येत होतं. मी त्याला छंद म्हणत होते, एवढंच.

मी राहते जळगावात, पिंप्राळ्याला. माहेर धुळ्याचं. आम्ही दोघंच भावंडं, भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला मी लहानपणापासून ‘भाऊ’च म्हणते. आमचं आपसातलं बोलणं अहिराणी; माझं बोलणं मी इथे मराठीत सांगते, त्याचं मात्र मला त्याच्याच शब्दांत आठवतं. शाळेत असताना तो वाचनालयातून जुनी मासिकं आणायचा. त्यातल्या विज्ञानकथा मला वाचून दाखवायचा, अर्ध्या छापलेल्या आणि अर्ध्या त्याच्या मनच्या. मग त्या गोष्टींतली यानं आम्ही करायचो. पावडरचा रिकामा डबा म्हणजे धड. त्याला बॉलपेनच्या टोपणांची इंजिनं, कंपाउंडरकाकांनी दिलेली फुटकी काचेची सिरिंज म्हणजे दुर्बीण, आणि जोडाजोडाला सायकलच्या ट्यूबचे कापलेले वायसर. चिकटवायला पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन. त्याचा वास माझ्या फ्रॉकला इतका बसायचा की वर्गात मुली माझ्याशेजारी बसायला कुरकुर करायच्या. मी त्यांना सांगायचे, चंद्रावर जाल तेव्हा कळेल.

यान दिसायला कसं आहे याला भाऊच्या लेखी काही किंमत नव्हती. त्याची परीक्षा एकच. यानात चवळीचे सात दाणे टाकायचे. ते अंतराळवीर. मग झाकण फिरवून घट्ट करायचं आणि यान अंगणातल्या हौदात पाण्याखाली दाबून धरायचं. भाऊ धरणार, मी शंभरपर्यंत मोजणार. पाण्यातून एक जरी बुडबुडा वर आला तरी खेळ खलास. "फुगा उना. बठ्ठा मरी गयात," भाऊ जाहीर करायचा. फुगा आला, सगळे मेले. आणि मी खरोखर रडायचे. आई पिण्याच्या पाण्यात डबे बुडवले म्हणून आम्हा दोघांना बदडायची आणि मेलेले सातही जण सकाळच्या उसळीत टाकायची.

पुन्हा पुन्हा जोड उकलून, घासून, चिकटवून शेवटी एखादं यान पास व्हायचं. झाकण उघडलं की दाणे कोरडे. तेव्हा भाऊचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, याला मोठेपणी सरकार बोलावून नेणार. मी कंटाळून कधी म्हटलं की पुरे झालं, एक बारीक फुगा आला तर काय बिघडलं, तर तो ओरडायचा नाही. हळूच म्हणायचा, "मझार मानसं शेतस." आत माणसं आहेत. मग मी पुन्हा जोड घासायला घ्यायचे.

मग जे सगळ्यांचं होतं ते झालं. भाऊ आयटीआयला गेला आणि पुढे तिथेच फिटर ट्रेडला शिकवायला लागला. माझं लग्न झालं, मी जळगावला आले. यानं कधीतरी भंगारात गेली, कोणी दिली ते मी विचारलंही नाही. भाऊच्या हाताखालून शेकडो पोरं गेली. कानशीने लोखंड घासून केसाइतकी फट मिटवायची हे शिकवताना तो त्यांना इतकं छळायचा की अजूनही धुळ्यात एखादा गॅरेजवाला मला पाहून कानाची पाळी पकडतो. भाऊ-वहिनीला मूल झालं नाही. तीन वर्षांपूर्वी थंडीत वहिनी गेली. आबा, म्हणजे आमचे वडील, आणि आई तर कधीच गेले होते. दोन खोल्यांच्या त्या स्लॅबच्या घरात भाऊ एकटा उरला.

तो बोलेनासा झाला. मी फोन केला की "हा", "हू", "ठीक शे". भेटायला गेले तर खाटेवर बसून वर पंख्याकडे बघत असायचा. पंखा बंद असला तरी बघायचा. आमच्या आबांचं शेवटचं वर्ष मी पाहिलेलं आहे. रिटायर होऊन वीस वर्षं झालेला माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत निघायचा आणि दुपारी कोणीतरी हाताला धरून घरी आणून सोडायचं. शेवटी शेवटी ते आईला विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" भाऊकडे बघताना ते सगळं डोळ्यांसमोर यायचं, आणि मी मान हलवून ते झटकून टाकायचे. बायको गेल्यावर माणूस गप्प होणारच, मी स्वतःला सांगायचे.

पुढच्या राखीला जायचं होतं. आमच्या ह्यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. दुकानात पाइपांचे कापून उरलेले तुकडे, एका बाजूने चिरलेले जॉइनर, पाइपाचं तोंड बंद करायच्या रंग उडालेल्या एंड कॅप असं भंगार साचतं. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी ते सगळं एका गोणपाटात भरलं आणि मिठाईबरोबर घेऊन गेले. राखी बांधली, ओवाळलं आणि ते गोणपाट त्याच्या खाटेवर उपडं केलं.

भाऊ बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिला. मग त्याने एक जाड पाइपचा तुकडा उचलला, डोळ्याला लावून त्यातून खिडकीकडे पाहिलं. जाड पाइपाला बारीक पाइप जोडायचा एक रेड्युसर घेतला, पाइपला बसवून बघितला, काढला, दुसरा बसवला. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली आणि विचारलं, "मनी कानस कोठे शे?"

किती महिन्यांत त्याने कोणाला काही विचारलं नव्हतं. मी ट्रंक उपसून कानस काढून दिली. संध्याकाळपर्यंत पाइपचं एक यान उभं राहिलं, पुढे एंड कॅपचं नाक, मागे रेड्युसरचं इंजिन आणि अंगावर ओळीने टोचलेले, थेंब-थेंब पाणी सोडणारे ड्रीपर. बसमध्ये मी ह्यांना फोन करून सांगितलं, "आमचा भाऊ परत आला."

तेव्हापासून माझा नेम सुरू झाला. दर दुसऱ्या रविवारी सकाळची बस, दुकानातली पिशवी, धुळे. आणि खोटं कशाला बोलू, मी काही नुसती त्याच्यासाठी जात नव्हते. साठीला टेकलेली बाई मी, नाकावर चष्मा, पण पाइपाला भोक पाडून त्यात सांधा गळू न देणारं रबरी कडं, ग्रोमेट, दाबून बसवलं की बोटांना जो आनंद व्हायचा तो मला चाळीस वर्षांत कोणत्या भाकरीने की भरतकामाने दिला नव्हता. सोल्युशनने बोटांची टोकं पांढरी पडायची, सालं निघायची. हे म्हणाले, "गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीस आणि अंतराळात निघालीस!" मी म्हटलं, तिथे पायऱ्या नसतात.

भाऊ जेवायला लागला. दाढी करायला लागला. फळीवर यानं वाढत गेली, तीन, पाच, सात. परीक्षा पूर्वीचीच, हौदाच्या जागी आता प्लास्टिकचा ड्रम. तो धरायचा, मी मोजायचे.

दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा नवं यान तयार होतं. सुरेख काम, जोड कुठे आहे ते नखालाही कळू नये असं. मी झाकण शोधायला लागले तर झाकणच नाही. दोन्ही तोंडं सोल्युशनने कायमची बंद केलेली.

"भाऊ, दार कुठे आहे याला?"

"दार कसाले? दार म्हंजे गळती."

"मग सात जण आत जातील कसे?"

"गयात," तो म्हणाला. "मझार शेतस." त्याने यान माझ्या कानाशी धरून हलवलं. आत काहीच वाजलं नाही. "निजेल शेतस," भाऊ कुजबुजला आणि बोट ओठांवर ठेवलं.

मला ती कल्पना फार आवडली. खरंच सांगते, आवडली. झोपलेले अंतराळवीर! घरी येऊन मी ह्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. हे जेवता जेवता नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्याचा मला राग आला.

त्यानंतर घरात एकेक गोष्ट बदललेली दिसायला लागली. न्हाणीघराच्या मोरीला त्याने एंड कॅप ठोकली होती, पाणी घोट्यापर्यंत साचलेलं. मी काढून टाकली आणि म्हटलं, "भाऊ, मोरी काय मंगळावर न्यायची आहे?" तो हसला, म्हणून मीही हसले. पुढच्या खेपेला मागच्या दाराच्या कुलपाच्या भोकात ग्रोमेट आणि त्यात बूच बसवलेलं. इतकं नेमकं बसवलं होतं की मी शाबासकीच दिली. दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. दुसऱ्या कोणाला ग्रोमेट कशाला म्हणतात आणि हवा कुठून गळते हे माहीतच नसतं. त्याचं प्रत्येक वेड मला ओळखीचं वाटत होतं, कारण ते आमच्या दोघांचं होतं.

शेजारच्या अक्का आमच्या आईच्या वेळच्या. त्यांनी मला एकदा फाटकाशी अडवलं. म्हणाल्या, "तुना भाऊ दिवसभर भिंतीले कान लाई बसस. माले सांगस, आयकू येस का, हवा जाई ऱ्हायनी." म्हणे भिंतीतून हवा निघून चालली आहे. मी फाडकन म्हटलं, "अक्का, तुम्ही तुमच्या भिंती सांभाळा. माझा भाऊ हुशार आहे, त्याला काहीतरी काम लागतं." माझ्या नाकावरच्या रागापुढे त्या म्हाताऱ्या बाईचं काय चालणार? त्या घरात निघून गेल्या. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

संक्रांतीनंतरचा रविवार मला मिनिटा-मिनिटाने आठवतो. थंडी कडाक्याची होती. भाऊ म्हणाला, बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून वारा येतो. येतच होता. खिडकी जुनी, काचा खिळखिळ्या. मग आम्ही दोघं कामाला लागलो. भाऊने काचांच्या कडेची जुनी लांबी खरवडून काढली, मी काचा पुसल्या. त्याने नवी लांबी भरली आणि मी तिच्यावरून सिलिकॉनची ट्यूब फिरवली. ती ट्यूब मीच नेली होती, आमच्या दुकानातली. दोन पल्ले जिथे मिळतात ती फटसुद्धा भाऊने मला भरायला लावली. मी म्हटलं, "अहो सर, मग खिडकी उघडायची कशी?" तो म्हणाला, "उनायामा पाहू." उन्हाळ्यात बघू. मला पटलं. काम झाल्यावर त्याने मेणबत्ती पेटवून कडेकडेने फिरवली. ज्योत जरासुद्धा हलली नाही. भाऊने लहान मुलासारखी टाळी वाजवली आणि म्हणाला, "मोज." मी खिडकीसमोर उभी राहून शंभरपर्यंत मोजलं. परतीच्या बसमध्ये मी पारोळ्यापर्यंत एकटीच हसत होते.

उन्हाळ्यात खिडकी कोणी उघडली नाही. फाल्गुनात भाऊचे फोन यायला लागले, दिवसातून चार-पाच. फोन उचलला की तो विचारायचा, "कितला झायात?" किती झाले? मी दळण घेऊन उभी असायचे, कधी बँकेत, आणि मजेत सांगायचे, "चाळीस झाले", "ब्याऐंशी झाले". तो "बरं" म्हणून ठेवून द्यायचा. एकदा त्याने मला वहिनीच्या नावाने हाक मारली. मी दुरुस्त केलं नाही. होतं सगळ्यांचं असं, म्हटलं. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं ठरवलं की माणसाला सगळंच नेहमीचं दिसतं.

मग आखाजी आली.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि तो लेकींचा सण. भर वैशाखात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझ्या वयाच्या बायका आता कुठे झोक्यावर बसतात? पण जाणं सुटत नाही. माहेर म्हणजे माझ्यासाठी भाऊ एकटाच, आणि मी एकही आखाजी चुकवलेली नाही. त्या दिवशी घरोघरी पितरांची घागर भरतात आणि दुपारी आगारी टाकतात. म्हणजे घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा आणि गेलेल्यांच्या नावाने निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास सोडायचा. धूर वर गेला की त्यांना पोचलं. हे काम घरातल्या पुरुषाचं. मी भाऊला आदल्या दिवशी फोनवर तीनदा बजावलं होतं, "थांब हां, मी पोळ्या घेऊन येते, मग आगारी टाकू. आई-आबांची आणि वहिनीची."

"हा," तो म्हणाला होता. "तू ये. मी तयारी करी ठेवस."

मी अकराच्या सुमाराला पोचले. ऊन असं की चपलेतून चटका बसत होता. गल्लीत घरोघरी गोवऱ्यांचा धूर आणि तुपाचा वास. आमचं दार बंद होतं. मी कडी वाजवली, हाक मारली. दार ढकललं तर ते हललंही नाही. बंद दार थोडं तरी हलतं, कडी खुळखुळते. हे भिंतीसारखं होतं. खाली वाकून पाहिलं तर उंबरठ्याच्या फटीतून आतल्या बाजूने भरलेलं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसत होतं, पांढरं, एकसारखं, कुठे तुटलेलं नाही.

मग मला आतून आवाज ऐकू आला. भाऊ मोजत होता.

"अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर."

मी आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. तो आवाज ऐकून मला आधी बरं वाटलं. उन्हात पिशव्या धरून उभी राहून मी त्याच्याबरोबर मोजायला लागले. एकाहत्तर, बहात्तर. ओठ हलत होते माझे. वाटलं, शंभर झाले की उघडेल.

तो सत्तरच्या पुढे गेलाच नाही. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा "अडुसष्ट." जीभ जड झालेली, दारू प्यालेल्या माणसासारखी. पुन्हा "अडुसष्ट."

अक्का फाटकाशी आल्या होत्या. पदराने ऊन अडवत म्हणाल्या, "सकायमा मनाकडथून गोवऱ्या लई गया तो. विस्तव बी पेटेल व्हता घमेलामा. आते धूर कसा नही?"

मी वर पाहिलं. शेजारच्या प्रत्येक घरातून धूर निघत होता. आमच्या घरातून बारीकशी रेघसुद्धा नव्हती. कानाकोपऱ्यात कुठे फट नाही, मोरी नाही, खिडकी नाही. काम पक्कं झालं होतं. आणि त्यातलं निम्मं माझ्या हातचं होतं.

पोळ्यांचा डबा कुठे पडला ते मला आठवत नाही. अक्कांच्या दारातली लोखंडी मुसळी मी उचलली एवढं आठवतं. खिडकीपाशी गेले. संक्रांतीच्या वेळी पुसलेली ती काच आतून धुराने दुधाळ झाली होती. मी मुसळी उगारली तेव्हा आतून भाऊ ओरडला. अंगात जितकी होती तितकी सगळी ताकद लावून ओरडला.

"फोडू नको! मझार मानसं शेतस!"

मी फोडली. एक काच, दुसरी, तिसरी. धूर भसकन माझ्या तोंडावर आला. गल्लीतल्या दोघा जणांनी खांदे लावून दार पाडलं, तेव्हा ते बिजागऱ्यांसकट आडवं झालं पण सिलिकॉन काही उंबऱ्याने सोडलं नाही, लांबच लांब ओढलं गेलं. भाऊ घमेल्याशेजारी कुशीवर पडला होता. निखारे अजून लाल होते. डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत मला बघून इतका धिक्कार होता की मी एक पाऊल मागे सरले. फुगा आणला होता मी.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं की विसरणं, भास, असं केव्हापासून आहे. मी म्हटलं, "दोन-तीन महिने." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मला आबांच्या वेळेपासून पाठ होतं. बरा होत नाही, एकटं ठेवू नका. मी विचारलं, धुराने किती नुकसान झालं? त्या म्हणाल्या, "ते वेगळं काढून सांगता येणार नाही. आधीच किती गेलं होतं आणि आज किती गेलं, कोण सांगणार?" त्यांनी सहज म्हटलं. मी त्या हिशेबात अजून अडकलेली आहे. रोज थोडं त्याच्या आजाराच्या नावावर टाकते, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं पुन्हा माझ्या नावावर येऊन बसतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "भाऊ, आता जळगावला चल माझ्याकडे." त्याने मान हलवली. "बहीणना घर भाऊ ऱ्हास का कधी?" आमच्यात भाऊ बहिणीकडे पाहुणा म्हणून येतो, मुक्काम ठोकत नाही, हे खरंच. त्याला रीत आठवत होती, मी कोण ते आठवत होतं, म्हणून मला रडू आलं. ते बघून हे पुढे झाले. खाटेशी बसून गंभीर तोंडाने म्हणाले, "भाऊ, राहायला कोण बोलावतंय? दुकानात सगळा माल मिसळला आहे. सोळा मिलिमीटरचे जॉइनर आणि बाराचे जॉइनर एका पोत्यात. मला हाताखाली जाणकार माणूस पाहिजे." भाऊने विचार केला आणि म्हणाला, "मंग चाला." माझ्या नवऱ्याशी मी आयुष्यभर भांडले आहे. त्या दिवसापासून जरा कमी भांडते.

निघताना मी घर बंद केलं. पडलेलं दार सुताराकडून बसवून घेतलं होतं. फळीवर यानं तशीच होती, मी एकही घेतलं नाही. खिडकीला पत्रा मारला.

पिंप्राळ्याच्या घरात मी सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. दुपारी गरम वारा आत येतो, भांड्यांवर धूळ बसते, बसू दे. हे रोज सकाळी दुकानातून एक पोतं आणतात आणि भाऊ ओसरीत बसून सोळाचे आणि बाराचे वेगळे करतो. रात्री हे ते पुन्हा मिसळून ठेवतात.

आठव्या-नवव्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन ओसरीत गेले तर पोतं बाजूला होतं. भाऊ स्वच्छ शर्ट घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसा. मला बघून तो उठून उभा राहिला.

"ताई, एक विचारू का?" तो म्हणाला. "इथून धुळ्याला बस किती वाजता आहे?"

आम्ही भावंडं जन्मापासून एकमेकांशी अहिराणीतच बोललो. ही मराठी तो साहेबांशी बोलायचा, पोरांच्या पालकांशी, परक्यांशी. मी ट्रे खाली ठेवला.

"धुळ्याला कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही लोकांनी माझं फार केलं. पण मला निघायला हवं. आखाजीला माझी बहीण येणार आहे. तिला माहेर म्हणजे मी एकटाच. घर बंद दिसलं तर तिने काय समजायचं?"

आखाजी होऊन गेली होती. मी म्हटलं, "थांबेल ती. दारात वाट बघेल."

"नाही हो, ताई." त्याने मान हलवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला, अभिमानाने, जसा त्याच्या एखाद्या हुशार पोराबद्दल बोलताना हसायचा तसा. "तुम्ही तिला ओळखत नाही. फार तापट आहे. दार फोडील ती."

मी कप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "साडेपाचची बस आहे. अजून वेळ आहे. बसा तुम्ही."